सिस्टरच्या वहीतलं गाव

(पवन मावळातील पवनानगर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एकाने फोनवर विचारलं, "मॅडम, आपत्ती म्हटलं की तहसीलदार, एनडीआरएफ, आपल्याकडची शिवदुर्ग बचाव पथकाची पोरं. यात सिस्टर कुठून आल्या?" प्रश्न अगदी रास्त आहे. दरड कोसळते, पूल पडतो, तेव्हा टीव्हीवर दिसतात ते दोर, हेल्मेट आणि पोकलेन. सिस्टर दिसतात त्या नंतर, शिबिरातल्या टेबलामागे, गोळ्या वाटताना. या चित्रात काही खोटं नाही. ते फक्त उशिरा सुरू होतं, आणि मला आज त्याच्या आधीचं बोलायचं आहे.

१९ जुलै २०२३ ची रात्र आठवा. खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पोटाशी असलेल्या इर्शाळवाडीवर डोंगर आला. वाडीला गाडीरस्ता नव्हता. बचाव करणारे अंधारात, पावसात, निसरड्या पायवाटेने चढून गेले आणि त्या चढणीवरच अग्निशमन दलातल्या एका अधिकाऱ्याचा जीव गेला. काही दिवसांनी शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ माणसांच्या नावापुढे 'बेपत्ता' लिहावं लागलं होतं. त्या दिवसांत वर आणि खाली एकच प्रश्न सारखा विचारला जात होता. त्या रात्री घरात होतं कोण? मुलं आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. कोणी कामाला बाहेर गेलं होतं, कोणी पाहुणं आलं होतं. ग्रामपंचायतीच्या कागदावर घरं होती, मतदार यादीत नावं होती. पण त्या आठवड्यात, त्या घरात, त्या चुलीपाशी कोण झोपत होतं हे सांगणारा कागद सरकारदरबारी नव्हता.

इर्शाळगड इथून फार लांब नाही. आणि आपल्याला दुसऱ्याच्या डोंगराकडे बोट दाखवायची गरजही नाही. लोहगडाच्या पायथ्याच्या भाजे गावावर जुलै १९८९ मध्ये दरड आली होती. इथल्या साठीपुढच्या माणसांना ते दिवस आठवत असतील. ३० जुलै २०१४ ला आंबेगावातलं माळीण गेलं, १५१ माणसं गेली, आणि गाव नाहीसं झाल्याचं जगाला कळलं ते रोजच्या एसटीच्या ड्रायव्हरमुळे. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळिये. चारही वेळा महिना जुलैचा. म्हणजे संकट अचानक येतं हे अर्धंच खरं. दिवस आणि घटका सांगता येत नाही; पण महिना सांगता येतो, डोंगर सांगता येतो, आणि त्या डोंगराखाली कोण झोपतं हेही सांगता यायला हवं.

आता ते कोण सांगू शकेल, ते पाहू. डोंगरी भागात साधारण ३००० लोकवस्तीमागे एक उपकेंद्र असतं. तिथे आरोग्य सेविका, म्हणजे आपण जिला सिस्टर म्हणतो ती. तिच्या जोडीला वाड्या-वस्त्या सांभाळणारी आशाताई. यांच्या वहीत काय असतं? कोणत्या घरात सून सात महिन्यांची आहे आणि तिचं एचबी किती आहे. कोणाच्या बाळाचा गोवराचा डोस राहिलाय. कोणाला टीबीच्या गोळ्या चालू आहेत, कोण इन्शुलिन घेतं, कोणाला फिट येते. कोणत्या आजी अंथरुणावरून उठत नाहीत. कोणाचा मुलगा ऐकू येत नसल्याने भोंगा वाजला तरी उठणार नाही. कोणत्या विहिरीत टीसीएल पावडर टाकायला लोक विरोध करतात. हे सगळं पावसाळ्याच्या तोंडाशी ताजं असतं, कारण साथीच्या तयारीसाठी तेव्हा घरोघर फिरणं होतंच. गावाचा याहून बारीक नकाशा कुणाकडे नाही. आणि माझ्या पाहण्यात तरी, आपत्तीची बैठक बसते तेव्हा ही वही टेबलावर नसते. मॉक ड्रिल होतं, भोंगा वाजतो, फोटो निघतात. सिस्टरना ट्रे घेऊन उभं राहायला सांगितलेलं असतं.

ही वही भरते ती घरात शिरून, आणि घरात शिरणं ही साधी गोष्ट नाही, याचा अनुभव पुणे जिल्ह्याने फार महागात घेतला आहे. १८९७ च्या प्लेगात प्लेग अधिकारी रँडच्या अमलाखाली गोरे सोल्जर पुण्यातल्या घरांत घुसले. हेतू रोगी शोधायचा होता. शास्त्र त्यांच्या बाजूला होतं, असंही म्हणता येईल. लोकांनी काय केलं? रोगी लपवले. त्याच वर्षी डॉ. यशवंत फुले यांनी हडपसरजवळ माळावर दवाखाना थाटला होता. मुंढव्यातल्या एका आजारी मुलाला त्यांच्या आई सावित्रीबाई पाठीवर घेऊन तिथे आल्या आणि त्याच प्लेगाने १० मार्च १८९७ रोजी गेल्या. आपण त्यांचं मरण सांगतो, डोळे पुसतो आणि पुढे जातो. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ज्या प्लेगात लोक दाराआड रोगी दडवत होते, त्याच प्लेगात एका घराने आपलं पोर या बाईच्या पाठीवर दिलं. तो विश्वास काही प्लेगाच्या आठवड्यात तयार झाला नव्हता. आपली सिस्टर लसीच्या दिवशी, पोलिओच्या रविवारी, डिलिव्हरीच्या रात्री जी ये-जा करते, तिच्यामुळे हे दार उघडं राहतं. आपत्तीत दुसरं कुणीही आलं तरी ते परकं असतं.

मग या उघड्या दारातून आत गेल्यावर करायचं काय? एक घर दाखवते. तिकोना किल्ल्याच्या पायथ्याच्या बाजूला, डोंगराला पाठ लावून असलेलं. मागची भिंत दगडमातीची, पुढे पत्र्याची पडवी. घरात म्हातारे बाबा, त्यांना शुगर आणि बीपी, मुलगा कामशेतला कामाला, सून गरोदर, दोन नातवंडं. सिस्टर आल्या त्या बीपी मोजायला. पट्टा गुंडाळता गुंडाळता विचारलं, "बाबा, गोळी कुठली घेता?" बाबांनी पाकीट पुढे केलं. पाकिटाचा नाव छापलेला कोपरा फाटून गेलेला. उरल्या होत्या चार गोळ्या आणि चकचकीत कागद. हे घरोघर होतं. आपण गोळ्या नावाच्या बाजूने काढायला लागतो, आणि घर सोडून पळायची वेळ आली की शाळेत, मंगल कार्यालयात, नव्या डॉक्टरसमोर बाबा सांगतात, "पांढरी, बारकी, सकाळची." सिस्टरनी नवं पाकीट घेतलं, नावाच्या कोपऱ्याला पेनाने फुली मारली. "ही बाजू शेवटी. इथून काढायची, तिथवर जायचं." झालं. खर्च शून्य, वेळ एक मिनिट.

मग सुनेला म्हणाल्या, "वहिनी, तुमचं माता-बाल कार्ड कुठाय?" ते गोदरेजच्या कपाटात, साड्यांच्या खाली, कुलपात. आधार, रेशन कार्ड, आयुष्मान कार्ड, बाबांचे दवाखान्याचे कागद, सगळं चार ठिकाणी. युरियाच्या पिशवीतलं आतलं प्लास्टिक असतं ना, ते धुऊन वाळवलेलं घरात होतंच. त्यात सगळं घातलं, तोंडाला सुतळी बांधली आणि दाराच्या खुंटीला अडकवलं. त्याच खुंटीला टॉर्च. आठ दिवसांच्या गोळ्यांचं एक जादा पाकीट त्यातच. दर महिन्याला जुनं खायचं, नवं ठेवायचं, म्हणजे तारीख उलटत नाही.

आणि निघता निघता सिस्टरनी जे केलं ते कुठल्याही किटमध्ये मिळत नाही. बाबांची कॉट मागच्या भिंतीला, म्हणजे डोंगराच्या बाजूला होती. उबदार म्हणून. त्यांनी मुलांना हाताशी घेतलं आणि कॉट ओढून पुढच्या खोलीत आणली. "आखाड-श्रावण इथे झोपायचं. दिवाळीला परत न्या." बाबा कुरकुरले. कुरकुरणारच, पन्नास वर्षांची झोपायची जागा आहे. पण दरडीचा पहिला मार मागच्या भिंतीवर येतो. मागच्या झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं किंवा आटलं, जमिनीला नवी भेग दिसली, खांब कलला, दार चौकटीत अडकायला लागलं, तर वाट न पाहता पोरांना घेऊन बाहेर पडायचं आणि कुणाकडे जायचं, हे त्याच भेटीत ठरलं. कोणाकडे, तर ओढ्याच्या अलीकडच्या मावशीकडे. 'सुरक्षित स्थळ' असं म्हटलं की माणसं मान डोलावतात आणि जात नाहीत. मावशीचं घर म्हटलं की जातात.

दरडीचं भय मोठं म्हणून तेवढंच बोलून चालणार नाही. मावळात त्याहून वारंवार येतं ते चार दिवस वीज जाणं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागला धडकलं आणि घाट चढून मावळात आलं. गुलाबाची पॉलिहाउसं फाटली, पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले. वर लॉकडाउन. तेव्हा इन्शुलिनचं काय करायचं, हा प्रश्न घरोघरचा होता. बंद फ्रिजचं दार दर तासाला उघडून बघणाऱ्या मंडळींना सांगायचं की उघडू नका. आणि वीज येण्याची चिन्हं नसतील तर बाटली कोरड्या डब्यात घालून, डबा ओल्या फडक्यात गुंडाळून मातीच्या माठात ठेवा, सावलीत. बर्फाला चिकटवू नका, गोठलेलं इन्शुलिन फेकायचंच. ज्याला घरी ऑक्सिजनचं यंत्र लागतं, त्याची गोष्ट माठाने भागत नाही. आणि डायलिसिसच्या पेशंटला तर आठवड्यातले दिवस ठरलेले असतात. रस्ता तुटला की मूत्रपिंड थांबून राहत नाही. अशा घराने जोराच्या पावसाचा इशारा आला की आदल्या दिवशीच तळेगाव-पिंपरीकडच्या नातेवाइकांकडे जायचं, हे उन्हाळ्यातच ठरवायला हवं. गडचिरोली, नंदुरबारसारख्या भागांत 'माहेरघर' योजनेत गरोदर बाईला दिवस भरण्याआधी आरोग्य केंद्राजवळ आणून ठेवतात. बुद्धी तीच आहे. १०८ च्या रुग्णवाहिकेला फोन लागतोच असं नाही, आणि लागला तरी पवना धरणाच्या पाण्याला वळसा घालून तुंगच्या बाजूला गाडी पोचायला तिचा वेळ ती घेणारच. शनिवार-रविवार असेल, पर्यटकांच्या गाड्या अडकलेल्या असतील, तर बोलायलाच नको.

पर्यटकांचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकते, जरा कडू लागेल. पवनेच्या काठावर तंबू लावणारं प्रत्येक घर आता घर राहिलेलं नाही. ते शनिवारी पन्नास माणसांचं गाव असतं. त्या गावाला पोहता येत नाही, पाण्याचा अंदाज नसतो, आणि बऱ्याचदा शुद्धही नसते. भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात ३० जून २०२४ ला एकाच कुटुंबातली माणसं आणि पोरं वाहून गेली, ते सगळ्या देशाने मोबाइलवर पाहिलं. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा पूल इंद्रायणीत कोसळला. तंबूवाल्या घरातल्या पोरांनी आणि स्वयंपाक करणाऱ्या बायांनी छाती दाबून हृदय चालू ठेवायला शिकलंच पाहिजे. सिस्टर शिकवतील, एका दुपारचं काम आहे. पाण्यात उडी न मारता दोर किंवा रिकामा बंद कॅन कसा फेकायचा, ते शिवदुर्गची पोरं शिकवतील. बार्बेक्यूच्या पाटीएवढा खर्च यायचा नाही.

आता अवघड भागाकडे येते. मी मघाशी म्हटलं, वही टेबलावर ठेवा. खरंच ठेवायची का? त्या वहीत कोणाला टीबी आहे, कोणाला एचआयव्ही आहे, कोणाची मानसिक आजाराची औषधं चालू आहेत, कोणत्या मुलीने कशासाठी विचारणा केली, हेही आहे. ती वही ग्रामपंचायतीच्या कपाटात गेली तर पुढच्या वर्षी सिस्टरना कोणी काही सांगणार नाही. एखादी सिस्टर वही द्यायला नकार देते तेव्हा तिला आडमुठी म्हणू नये. ती तिच्या धंद्याचं भांडवल राखत असते.

जपान हा भूकंपाचा देश, त्यांनाही हाच पेच पडला. १९९५ चा कोबेचा भूकंप झाला, २०११ ची त्सुनामी झाली, आणि म्हातारी, अपंग माणसं मागे राहिली. २०१३ साली त्यांनी कायदा बदलला आणि घर सोडताना ज्यांना मदत लागेल अशांची यादी करणं गावपालिकांना बंधनकारक केलं. यादी शेजारपाजाऱ्यांना, स्वयंसेवकांना आधीच द्यायची तर त्या माणसाची संमती घ्यायची. जिवावर बेतलं असेल तर संमतीशिवायही देता येते. मला त्यातून आपल्यापुरती एक युक्ती सुचते. यादीत आजार लिहायचाच नाही. लिहायचं ते काम. 'उचलून न्यावं लागेल.' 'रोजचं औषध, थंड ठेवायचं.' 'ऐकू येत नाही, हात धरून उठवा.' 'दिवस भरत आलेत.' शेजारच्या दांडग्या पोराला एवढंच माहीत हवं. त्याला निदानाशी काय करायचंय? ही यादी घरोघर विचारून, त्या माणसाच्या होकाराने करायची आणि एक पान वाडीतल्या दोन भरवशाच्या घरांत ठेवायचं. मोबाइलमध्ये नको. मोबाइल पहिल्या रात्रीच मरतो.

क्यूबाचं उदाहरण जास्त जवळचं वाटतं, कारण तो श्रीमंत देश नाही. तिथे १९८४ पासून मोहल्ल्यागणिक एक डॉक्टर आणि एक नर्स अशी जोडी बसवली. चक्रीवादळाचा इशारा आला की ही जोडी आपल्या घरांची उजळणी करते, दिवस भरलेल्या बायांना आधी दवाखान्यात हलवलं जातं, एकट्या म्हाताऱ्यांना कोण आणणार ते ठरतं. त्यांच्या राजवटीबद्दल तुमचं-माझं मत काहीही असो. वादळात तिथे तुलनेने फार कमी माणसं मरतात, हे जगाने मान्य केलंय.

आपल्या वहीला एक भोक मात्र आहे आणि ते झाकून ठेवू नये. कातकरी आणि काही ठाकर कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की वाडीवर परततात. सर्व्हे होतो तेव्हा दाराला कुलूप, किंवा दारच नाही. म्हणजे डोंगराच्या सगळ्यात वरच्या उतारावर, सगळ्यात कच्च्या घरात राहणारी माणसं वहीत सगळ्यात शिळी. आशाताई त्याच वाडीतली असेल तर तिला पोरं परत आलेली दिसतात, ती नाव घालते. बाहेरची असेल तर राहून जातं. मला विचाराल तर जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली एक फेरी फक्त या वाड्यांसाठी राखावी, आणि तिथे कागदांच्या पिशवीच्या आधी गोवराची लस आणि ओआरएस न्यावं. छावणीत दोनशे माणसं एका खोलीत आली की दरडीतून वाचलेलं पोर गोवराने आणि जुलाबाने जाऊ शकतं. ओआरएसची पुडी संपली तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मोठा चमचा नाही, चहाचा. इथल्या किती जणांना हे प्रमाण पाठ आहे, हात वर करा. बायकांचे हात जास्त आहेत. अपेक्षितच.

आणि साप. पूर आला की तोही कोरडी जागा शोधत घरात येतो. चिरू नका, चोखू नका, करकचून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. पाय हलू न देता, माणसाला चालू न देता दवाखान्यात न्या. न्यायचं कसं? दोन बांबू आणि एक घोंगडी. घोंगडी जमिनीवर पसरा, एक बांबू तिसऱ्या हिश्श्यावर ठेवा, घडी घाला, दुसरा बांबू त्या घडीवर, उरलेली घोंगडी त्याच्यावर. आत माणूस झोपला की त्याच्याच वजनाने घडी आवळते, गाठ लागत नाही. म्हातारी माणसं म्हणतील, आम्ही झोळीतून नेतच होतो. बरोबर आहे. तुमचीच विद्या आहे. फक्त तरुण पोरांनी ती गाडी आल्यावर टाकून दिली.

एवढं ऐकून तुम्हाला वाटेल, चला, सिस्टरना आणखी एक काम मिळालं. तीच भीती मलाही आहे. एका बाईच्या डोक्यावर गरोदर मातांचं पोर्टल, टीबीचं पोर्टल, लसीकरणाचं पोर्टल, वर कागदी रजिस्टरं, आणि जागा रिकामी असली की शेजारच्या उपकेंद्राचाही चार्ज. त्यात 'आपत्ती रजिस्टर' नावाचं नवं बाड आलं तर ते मार्चअखेरीस एका रात्रीत भरलं जाईल आणि दरडीच्या रात्री कपाटात असेल. म्हणून नवं रजिस्टर नको. आहे त्याच भेटीत चार प्रश्न जास्त, आणि त्या चार प्रश्नांसाठी दोन प्रश्न कमी. कुठले दोन कमी करायचे, ते वरच्यांनी खाली येऊन एकदा सिस्टरबरोबर चढण चढून ठरवावं. रिकाम्या जागा भरणं आणि कंत्राटी मुलींना कायम करणं हे मी आपत्तीच्या तयारीतच मोजते. दर वर्षी नवी मुलगी आली तर वही राहते. पण बाबांची कॉट कुठे होती, ते कुणाला ठाऊक नसतं.

आपल्या हातात काय आहे, तर ग्रामसभा. १ मे ची ग्रामसभा पावसाच्या अगोदर येते. अजेंड्यावर पाणीपट्टी, घरकुल, रस्त्याचा मुरूम असतो. त्यातली वीस मिनिटं सिस्टर आणि आशाताईंना द्या. बोलायला नको, त्या भाषणं करायच्या नाहीत. त्यांनी वाडीवार विचारायचं: या घरातल्या आजींना कोण उचलणार? दोन नावं सांगा. नावं मिनिटबुकात लिहा आणि त्या दोघांना तिथेच उभं करा, म्हणजे आजींनाही कळेल कोण येणार ते. पैशाचं म्हणाल तर लागतो दोर, टॉर्चचे सेल, पाणी शुद्ध करायच्या मेडिक्लोरच्या बाटल्या, काही घोंगड्या आणि बांबू. बांबू तर इथे कुणी विकतही घेत नाही. येळशाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून वरच्या शेवटच्या वाडीपर्यंत कुठला ओढा कधी रस्ता अडवतो, हे दूधवाल्याला विचारून त्याच सभेत नोंदवून घ्या. तो रोज येतो, त्याला सगळं माहीत असतं.

माझी वेळ संपली आहे आणि अध्यक्षांनी दोनदा घड्याळ पाहिलंय. दाराशी पत्र्याच्या टेबलावर आज बीपी तपासायला दोन सिस्टर बसल्या आहेत. जाताना घरातलं गोळ्यांचं पाकीट ज्यांनी खिशात आणलं असेल त्यांनी त्यांना दाखवावं, आणि वरच्या वाडीवरून आलेल्यांनी आपल्या घरातली माणसं किती, ते सांगून जावं.